पोराला ठाण्यात नेलंय

बनारस हिंदू विद्यापीठाच्या फाटकातून बाहेर पडलं की लंका. तिथून सामनेघाटाकडे वळायचं, गंगेवरचा पूल ओलांडायचा, की पलीकडे रामनगर. काशीनरेशांचा किल्ला, महिनाभर चालणारी रामलीला, आणि लालबहादूर शास्त्रींचं वडिलोपार्जित घर यासाठी हे गाव ओळखलं जातं. २०२० च्या फेब्रुवारीत याच रामनगरातल्या एका तलावात एका तरुणाचा मृतदेह सापडला. ओळख पटली नाही, म्हणून बेवारस मृतदेह अशी नोंद झाली. त्याच दिवसांत नदीच्या अलीकडे एक शेतकरी बाप मुलाला शोधत वणवण फिरत होता.

मुलगा बीएचयूत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गाव मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात. रात्री विद्यापीठाच्या मैदानाजवळ तो कुणा विद्यार्थ्याला सैरभैर अवस्थेत दिसला. त्या विद्यार्थ्यानं भल्या हेतूनंच ११२ ला फोन केला. पोलिसांची गाडी आली, त्याला बसवून लंका ठाण्यात घेऊन गेली. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. मुलाचा फोन लागेना म्हणून वडील वाराणसीत आले. ठाणं, विद्यापीठ, अधिकाऱ्यांची दारं, सगळीकडे गेले. मुलगा हरवल्याची नोंद झाली. त्याला ठाण्यात नेलं होतं हे वडिलांना पोलिसांनी सांगितलं नाही, ते विद्यार्थ्यांकडून कळलं. मग ठाण्यातून उत्तर आलं की तो इथून केव्हाच गेला.

काही महिन्यांनी बीएचयूचाच माजी विद्यार्थी असलेल्या एका वकिलानं अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. त्याचीच पुढे याचिका झाली आणि तपास सीबी-सीआयडीकडे गेला. रामनगरच्या तलावातला मृतदेह त्या मुलाचाच होता हे डीएनए चाचणीवरून ठरलं, आणि ते न्यायालयात सांगितलं गेलं २०२२ च्या एप्रिलमध्ये. बापाला मुलगा सापडायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. लंका ते रामनगर हे अंतर रिक्षानं जाण्याइतकं आहे.

प्रकरण देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. तरी त्या घराला पुन्हा पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचं काही कारण नाही, म्हणून बापलेकांची नावं इथे घेत नाही. पण ज्यांची मुलं परगावी शिकतात, मग ती पुण्यात असोत, वाराणसीत असोत की मणिपालला, अशा प्रत्येक घरानं ही हकीकत नीट समजून घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. कारण या मुलाला अटक झालीच नव्हती. त्याच्यावर गुन्हा नव्हता. त्याला 'नुसतं ठाण्यात नेलं' होतं. आपल्याकडे आईवडील याच शब्दांवर निर्धास्त होतात. "नुसतं चौकशीला नेलंय, संध्याकाळपर्यंत सोडतील," असं कुणीतरी सांगतं आणि घर संध्याकाळची वाट बघत बसतं.

रीतसर अटक झाली की कागद जन्माला येतात. अटकेचा पंचनामा होतो, वेळ नोंदली जाते, वैद्यकीय तपासणी होते, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. 'नुसतं नेलंय' यात यांतलं काहीच नसतं. मुलगा ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो आणि कागदोपत्री तो कुठेच नसतो. म्हणून घरच्यांचं पहिलं काम म्हणजे त्याला कागदावर आणणं. आपला मुलगा अमुक वेळी अमुक ठाण्याच्या ताब्यात होता, ही गोष्ट कुठेतरी लेखी, तारीखवार, वेळेसह उमटली पाहिजे. वकील, जामीन, कॉलेज हे सगळं त्याच्या नंतर.

हे काम अवघड नाही, फक्त घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. साधा कोरा कागद घ्यायचा. ठाणे प्रभारींच्या नावानं लिहायचं. माझा मुलगा, त्याचं पूर्ण नाव, वय, कॉलेज, वर्ष. काल रात्री इतक्या वाजता अमुक ठिकाणाहून आपल्या ठाण्याच्या पोलिसांनी त्याला नेल्याचं कळलं. तो आपल्या ताब्यात आहे का, कोणत्या गुन्ह्यात, त्याला केव्हा न्यायालयात हजर करणार, हे कळवावं. मला आणि वकिलांना त्याला भेटू द्यावं. त्याला दमा असेल, फिट्स येत असतील, मनोविकाराचं औषध चालू असेल, तर औषधाच्या नावासकट तेही लिहायचं. एका ओळीत, ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं त्या वेळचं चित्रण जपून ठेवावं, अशी मागणी करायची. सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या डिसेंबरात परमवीर सिंह सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी राहिलं पाहिजे असं सांगितलं. कॅमेरे सगळीकडे चालू असतात असं नाही. पण पहिल्याच दिवशी मागणी केलेली असेल, तर सहा महिन्यांनी 'चित्रण पुसलं गेलं' म्हणणाऱ्याला न्यायालयात उत्तर द्यावं लागतं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, वेळ घ्यायची. यालाच आपण पोच म्हणतो. उत्तर प्रदेशात ठाण्याचा मुंशी त्याला 'रिसीविंग' म्हणेल. तो द्यायला नकार देईल, हे गृहीत धरा. वाद घालू नका. बाहेर येऊन तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा पोलीस आयुक्तांना ईमेल करा आणि जवळच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवा. पोस्टाच्या पावतीवर तारीख आणि वेळ असते. ११२ ला फोन करून मुलगा कोणत्या ठाण्यात आहे असं विचारलंत, तर त्या फोनचीही नोंद होते. रामनगरच्या प्रकरणात मुलगा पोलिसांच्या गाडीत बसला हे नाकारता आलं नाही, याचं कारण ११२ चा तो फोन आणि फोन करणारा सहाध्यायी हेच होतं.

एका कागदानं काय होतं हे बघायचं असेल, तर केरळमधल्या एका बापाकडे बघावं. १ मार्च १९७६. आणीबाणी. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं आणि कक्कयमच्या छावणीत नेलं. त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक होते. मुलाला पोलिसांनी नेल्याची बातमी त्यांना कळवली ती महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी, आणि तीही रजिस्टर पत्रानं. त्यानंतर वारियरांनी पोलीस अधिकारी, गृहमंत्री, मुख्यमंत्री, कुणाचंच दार सोडलं नाही. अर्जामागून अर्ज केले. सरकार म्हणत होतं, अशा कुणाला पकडलेलंच नाही. ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा देहोपस्थितीचा अर्ज, म्हणजे हेबियस कॉर्पस, करण्याची आणीबाणीत सोयच उरली नव्हती. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली आणि चौथ्याच दिवशी वारियरांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज दाखल केला. वर्षभराचे कागद आणि साक्षीदार त्यांच्यापाशी तयार होते. राजनला पोलिसांनी नेलं होतं, हे न्यायालयानं मान्य केलं. आणीबाणीत गृहमंत्री असलेले आणि तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झालेले के. करुणाकरन यांना महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला. मुलगा परत आला नाही, त्याचं शवही कधी मिळालं नाही. वारियरांनी पुढे या सगळ्याचं पुस्तक लिहिलं. ते प्रत्येक प्राचार्याच्या टेबलावर असावं असं मला वाटतं. कारण त्या काळात एका प्राचार्यानं रजिस्टर पत्र पाठवण्याचं धैर्य दाखवलं होतं.

आज कायदा त्या मानानं आईवडिलांच्या बाजूनं बराच आहे. १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलमांमध्ये आले आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्या किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. आपल्या माणसाला कळवा असं सांगण्याचा मुलाला हक्क आहे आणि कुणाला कळवलं याची नोंद पोलिसांनी ठाण्यातल्या वहीत करायची आहे. अटक का केली हे सांगायचं आहे. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या वरळीच्या गाडी अपघात प्रकरणातून निघालेल्या मिहीर राजेश शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ती कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच देणं शक्य नसेल, तर निदान न्यायालयात हजर करण्याच्या दोन तास आधी. वाराणसीत शिकणाऱ्या सांगलीच्या मुलाला फारशी हिंदी समजत नसेल, तर हा निकाल त्याच्यासाठी आहे. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचाही हक्क आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. मुलीला अटक करायची असेल, तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात अगदी अपवाद म्हणूनच आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनं. महिला पोलीस हवीच.

आणि हेही अनेकांना ठाऊक नसतं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांनी अटक करायलाच हवी असं नाही. अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४ च्या निकालापासून हे वारंवार सांगितलं गेलं आहे. हजर राहण्याची नोटीस द्यायची, मुलगा हजर राहिला तर अटक टाळायची. कॉलेजच्या भांडणातले, घोषणाबाजीतले, समाजमाध्यमांवरच्या पोस्टचे कितीतरी गुन्हे याच हद्दीत येतात. नोटीस आली, तर घाबरून मुलाला मामाकडे गावाला पाठवू नका. नोटिशीप्रमाणे हजर झालेल्या मुलाला अटक करणं अवघड असतं. पळून गेलेल्याला ते फार सोपं असतं.

आता वयाबद्दल. रामनगरात शास्त्रींच्या घराचं आता स्मारक-संग्रहालय झालं आहे. लालबहादूर १९२१ मध्ये बनारसच्या हरिश्चंद्र शाळेत दहावीत होता. परीक्षा तोंडावर असताना शाळा सोडून तो असहकारात उतरला. त्याला पकडलं आणि अल्पवयीन म्हणून सोडून दिलं. त्याच वर्षी याच शहरात संस्कृत शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या चंद्रशेखर आझादला मात्र पंधरा फटक्यांची शिक्षा झाली. वयाचा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि महाराष्ट्रात तर जास्तच, कारण आपल्याकडे अकरावी-बारावीची मुलंही 'कॉलेजात' असतात. पोलीस विचारतात कुठे शिकतोस, मुलगा म्हणतो कॉलेजात, आणि त्याला प्रौढ समजून लॉकअपमध्ये बसवलं जातं. अठरा वर्षं पूर्ण नसतील, तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. वयाचा पुरावा म्हणून कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो. तेव्हा ठाण्याकडे धावताना पाकिटात पैसे कोंबण्याआधी हा दाखला घ्या.

बीएचयूच्या त्या मुलाबद्दल सरकारनं न्यायालयात सांगितलं की तो मानसिकदृष्ट्या आजारी होता आणि बुडून गेला. वडिलांना हे कधीच पटलं नाही. पण सरकारचं म्हणणं क्षणभर खरं धरलं, तर प्रश्न जास्तच गंभीर होतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे. त्याचं शंभरावं कलम सांगतं की मनोविकारानं ग्रस्त आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला, तर ठाणे प्रभारीनं त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. सर सुंदरलाल रुग्णालय बीएचयूच्याच आवारात आहे, लंका ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. तो मुलगा आजारी होता असं ज्यांना वाटलं, त्यांनी त्याला त्या रात्री तिथे का पोचवलं नाही, याचं उत्तर त्याच्या बापाला मिळायला हवं.

आपल्या मुलाला असा काही त्रास असेल, तर त्याच्या खोलीतल्या मित्राला ते ठाऊक असू द्या. आईवडील हे वसतिगृहापासून लपवतात, लग्नाच्या वेळी अडेल म्हणून. पण रात्री दोन वाजता शेजारी झोपलेला मित्रच पोलिसांना सांगू शकतो की याला ठाणं नको, दवाखाना हवा.

मित्रांबद्दल आणखी एक गोष्ट. मुलाला नेताना बघणारे तेच असतात. गाडीचा क्रमांक, किती पोलीस होते, वर्दीत होते की साध्या कपड्यांत, कोणत्या ठाण्याचं नाव घेतलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात ताजं असतं आणि आठवड्याभरात पुसट होतं. त्यांना फोन करून रडण्याआधी हे विचारा आणि लिहून घ्या. परराज्यातले पोलीस येऊन घेऊन गेले असतील, तर जिथून नेलं तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन प्रवासाचा (ट्रान्झिट) रिमांड घेतला का, हा पहिला प्रश्न.

चोवीस तास ही मर्यादा संविधानाच्या बावीसाव्या अनुच्छेदानं घातलेली आहे. ती संपेपर्यंत मुलगा न्यायालयात दिसला नाही आणि ठाणंही काही सांगत नाही, तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज करता येतो. त्याला मोठा वकील लागतोच असं नाही. बीएचयूच्या मुलाच्या बाबतीत एका वकिलाच्या पत्राचीच याचिका झाली होती. प्रश्न फक्त वेळेचा होता. हे पत्र फेब्रुवारीतच गेलं असतं, तर निदान ओळख पटण्याआधी मृतदेह बेवारस ठरला नसता.

न्यायालयात मुलाला पहिल्यांदा हजर करतात त्या वेळी घरातलं कुणीतरी तिथे असलंच पाहिजे. हे मी परभणीमुळे ठामपणे म्हणतो.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. वय पस्तीस. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडीत गेल्यावर १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण अनेक जखमांमुळे झालेला आघात असं आलं. सरकारनं विधिमंडळात सांगितलं की न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती. आता त्या जागी उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना तेच पोलीस, ज्यांच्याबरोबर पुन्हा कोठडीत जायचं आहे. समोर साहेब, रांगेत आणखी कितीतरी आरोपी, मिनिटभराचा वेळ. "काही तक्रार?" असं विचारलं, तर मुलगा काय सांगणार? ओळखीचा चेहरा समोर असला तर तो बोलतो. आपला वकील असला, तर तो सदरा वर करून पाठ दाखवायला सांगतो, वैद्यकीय तपासणीचा कागद मागतो, आणि न्यायालयाला रोजनाम्यात नोंद घ्यायला लावतो. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागण्याचा हक्क कायद्यानंच दिला आहे.

सोमनाथच्या आईनं सरकारी मदत नाकारली आणि ती न्यायालयात गेली. बाजू अॅड. प्रकाश आंबेडकरांनी मांडली. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण महिनाअखेरीस तिथेही तो आदेश कायम राहिला. या माऊलीनं जे केलं त्यामुळे यापुढे कोठडीतल्या कितीतरी मुलांचं रक्षण होईल.

आता वकिलाबद्दल. नात्यातले जमिनीच्या दाव्यांचे वकील चालत नाहीत, फौजदारी काम करणारा आणि त्याच न्यायालयात रोज उभा राहणारा वकील हवा. मुलगा परगावी असेल, तर तिथला हवा. पैसे नसतील, तर अडून बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय आहे आणि देशभरासाठी १५१०० हा क्रमांक आहे. वकीलपत्रावर सही मुलाची लागते, बापाची नाही. ती ठाण्यात किंवा न्यायालयात घ्यावी लागते. हे आधी कळलं की धावपळ वाचते.

वकिलाच्या आधी घरी पोचतो तो मध्यस्थ. "साहेबांशी बोलणं झालंय, इतके दिले तर कलम हलकं होईल." अशा माणसाला दिलेला रुपया बहुतेक वेळा साहेबापर्यंत जात नाही, आणि गेला तरी आपण लाच देण्याचा गुन्हा करून बसतो. दुसरा फोन येतो तो तर पूर्ण खोटाच असतो. तुमचा मुलगा अमली पदार्थांत सापडलाय, प्रकरण मिटवायचं असेल तर ताबडतोब पैसे पाठवा, मागे कुणाचं तरी रडणं. अशा फोनना अनेक घरं बळी पडली आहेत. आधी मुलाला फोन करा, तो लागला नाही तर त्याच्या मित्राला, मग ठाण्याच्या क्रमांकावर. फोनवरून पैसे घेऊन सुटका करणारं ठाणं या देशात कायद्यानं अस्तित्वात नाही.

आईबापांची माया जिथे मुलाचं सर्वांत जास्त नुकसान करते ती जागा म्हणजे तक्रारदाराचं घर. मुलीच्या तक्रारीवरून मुलगा आत गेला की आईवडील, काका, गावचे पुढारी मिळून तिच्या घरी विनवणीला जातात. पाय धरतात, कधी आवाज चढतो. दुसऱ्या दिवशी सरकारी वकील न्यायालयात सांगतात की आरोपीचे नातेवाईक फिर्यादीवर दबाव आणतात, आणि जामीन अडतो. मुलगी अठराच्या आतली असेल, तर 'ती स्वतःहून आली होती' हे म्हणणं कायदा ऐकत नाही. त्यात घाई आणखी महाग पडते. तसंच मुलाचा फोन, लॅपटॉप घरी असेल, तर त्यातलं काही पुसू नका. घाबरलेली धाकटी भावंडं हे करतात. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो त्या भावंडावर लागतो.

मुलाला एवढंच सांगा की नाव, पत्ता, कॉलेज खरं सांग. गुन्ह्याविषयी जे सांगायचं ते वकिलाला भेटल्यावर. कोऱ्या कागदावर सही करू नको. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, पण सही केलेला कोरा कागद कशाही कामाला येऊ शकतो. भेटीत त्याला रागावू नका. त्यानं खरंच चूक केली असेल, तर ते बोलायला पुढे बराच वेळ मिळेल. कोठडीतल्या पहिल्या भेटीत बापानं थोबाडीत मारली म्हणून नंतर वकिलाशीही न बोललेली मुलं असतात. त्याची चप्पल, औषध, चष्मा द्या, आणि "आम्ही बाहेर आहोत, उद्या कोर्टात येतोय" इतकं सांगा.

राहिलं कॉलेज. शरमेपोटी घरचे तिथे बोलत नाहीत, आणि कॉलेजला बातमी वर्तमानपत्रातून कळते. मग कॉलेज आपली अब्रू वाचवायला एका दिवसात मुलाला काढून टाकतं. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात हेच घडलं. अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीनं, जम्मू-काश्मीरमधून शिकायला आलेल्या, ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट पुढे पाठवली, थोड्याच वेळात पुसली आणि माफीही मागितली. ९ मे रोजी तिला अटक झाली आणि त्याच दिवशी कॉलेजनं तिची बाजू न ऐकता तिला काढून टाकलं. ती येरवड्याच्या तुरुंगात असताना परीक्षा सुरू झाली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला, ताबडतोब सोडायला सांगितलं, काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू देण्यास सांगितलं. एका विद्यार्थिनीचं आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालात का, अशा अर्थाच्या शब्दांत सरकारला झापलंही. त्या मधल्या दिवसांत तिचे पेपर बुडाले, पण वर्ष वाचलं. म्हणून अटकेच्या दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांना पत्र द्यायचं. मुलगा अटकेत आहे, दोष सिद्ध झालेला नाही, कारवाई करायची असेल तर आधी त्याची बाजू ऐकावी, परीक्षेचा अर्ज आणि हॉलतिकीट अडवू नये. याचीही पोच घ्यायची. परीक्षा कोठडीत असताना आली, तर पोलीस बंदोबस्तात परीक्षेला नेण्याची परवानगी न्यायालयाकडे मागता येते.

कॉलेजांनाही माझं एक मागणं आहे. आवारातून विद्यार्थ्याला पोलीस घेऊन जात असतील, तर प्राध्यापकांपैकी एकानं गाडीमागोमाग ठाण्यात जावं आणि त्याच रात्री घरी फोन करावा. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या अंधारात, कालिकतच्या प्राचार्यांनी एक रजिस्टर पत्र धाडलं. आज हातात फोन असताना बीएचयूसारख्या विद्यापीठातून नेलेल्या मुलाच्या बापाला काहीच न कळावं, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी बेअब्रू वाटते.

दिवाळीला मुलं घरी आली की फराळाच्या ताटावरच त्यांच्याशी हे बोलून घ्या. त्यांच्या दोन मित्रांचे फोन क्रमांक, वसतिगृहाच्या रेक्टरचा क्रमांक, दहावीच्या प्रमाणपत्राचा फोटो तुमच्याकडे असू द्या. आणि १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आजच्या आज त्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये साठवून ठेवा.